संशोधनाचा निकाल गावाला कसा सांगायचा: विदर्भात काम करणाऱ्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांसाठी

"मागच्या साली बी कॉलेजची पोरं आली होती. बाटलीत पाणी नेलं. मंग काय झालं त्याचं?" विदर्भातल्या खेड्यात सर्वेक्षणाचा कागद उघडला की हा प्रश्न हमखास येतो. त्याला उत्तर देता येत नाही, कारण मागच्या वर्षीच्या पोरांनी काय मोजलं हे आपल्यालाही ठाऊक नसतं.

बहुतेकांचा हेतू चांगला असतो, पण कामाचा क्रम उलटा असतो. आधी नमुने, मग विश्लेषण, मग प्रबंध, मग शोधनिबंध आणि निधी संपता संपता एक जनजागृती कार्यक्रम. त्यात बॅनर असतो, पाहुण्यांचं भाषण असतं, पडद्यावर आलेख असतात आणि समोर शाळेतली मुलं बसवलेली असतात. ज्या बाईच्या घरचं पाणी तपासलं ती त्या वेळी कापूस वेचायला गेलेली असते.

पुढचे टप्पे पीएच.डी.चे विद्यार्थी, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, उन्नत भारत अभियानाचे समन्वयक आणि समाजकार्य किंवा कृषी महाविद्यालयांतले शिक्षक यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. मुख्य उदाहरण पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडचं (जास्त झालं की दात-हाडं बिघडवणाऱ्या क्षाराचं) आहे, कारण यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर, झरी-जामणीकडे हा प्रश्न खरा आहे आणि निकाल सांगण्यातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्यात येतात. माती, पीक आणि आजार यांचं जिथे वेगळं पडतं तिथे तसं सांगितलं आहे.

१. गावात पाऊल टाकण्याआधी: वाईट निकालाची तयारी

पहिलं काम विभागात बसूनच करायचं. एका कागदावर लिहा: निकाल वाईट निघाला तर दुसऱ्या दिवशी कोण काय करणार?

फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त निघालं तर तो हातपंप बंद करणं तुमच्या हातात नाही. ते काम ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाचं आहे, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे त्या भागाच्या जुन्या नोंदी असतात. म्हणून नमुने घेण्याआधीच या कार्यालयांत जाऊन भेटा. "आम्ही अमुक गावात तपासणी करतोय, जास्त निघालं तर तुम्हाला कोणत्या स्वरूपात कळवू?" एवढंच विचारा. त्यांचा अर्जाचा नमुना, त्यांची प्रयोगशाळा, त्यांचा अधिकारी आधी माहीत असेल तर पुढचे महिने वाचतात. नाहीतर तुमचा निकाल "खासगी तपासणी आहे, आमच्याकडे ग्राह्य नाही" या एका वाक्यात अडकतो.

दुसरं काम अंदाजपत्रकाचं. प्रस्तावात नमुने गोळा करण्याचा प्रवासखर्च सगळे लिहितात, निकाल घेऊन परत जाण्याचा फार थोडे लिहितात. त्यात किमान या गोष्टी धरा: परतीच्या फेऱ्या, मराठी पत्रकांची छपाई, गावातल्या सहकाऱ्यांचं मानधन, दुभाष्याचं मानधन, वादग्रस्त नमुन्यांची फेरतपासणी.

तिसरं, नैतिकता समितीची मंजुरी. रक्त, आजार, आहार, गर्भारपण यांचा संबंध येत असेल तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. मंजुरी नमुने घेण्याच्या आधी लागते, मागाहून घेतलेली चालत नाही.

गाव निवडताना एक चौकशी जरूर करा: इथे आधी कोण येऊन गेलं? उन्नत भारत अभियानात संस्थेने किमान पाच गावं घ्यायची असतात आणि ती बरेचदा डांबरी रस्त्यालगतची असतात. त्याच गावात सेवा योजनेचं शिबिर, समाजकार्याचं क्षेत्रकार्य आणि कृषीच्या विद्यार्थ्यांचा कार्यानुभव हेही चालू असतं. जी माहिती आधीच कुणाकडे आहे ती लोकांना परत विचारू नका.

तपासा: वाईट निकाल कोणाला, कोणत्या कागदावर, किती दिवसांत कळवायचा हे लिहून झालं का? झालं नसेल तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

२. गावाचं वेळापत्रक आधी, विद्यापीठाचं नंतर

हिवाळी परीक्षा आटोपली की डिसेंबर-जानेवारीत आपल्याला सवड मिळते. पश्चिम विदर्भात तेव्हा कापसाची वेचणी चालू असते, तुरीची सोंगणी तोंडावर असते. दिवसा भरलेल्या सभेत मग म्हातारी माणसं आणि पोरंच दिसतात.

कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात जून-जुलै पेरणीचा, त्यानंतर निंदण-डवरणीचा आणि ऑक्टोबर सोयाबीन काढणीचा. पोळ्यानंतर, सोयाबीन काढणीला येण्याआधी, थोडी उसंत असते. मार्च ते मे शेताची कामं कमी, पण उन्हाचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे बैठक संध्याकाळी सातनंतरच. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत कुणी बोलायलाही थांबत नाही. जंगलालगतच्या गावांत मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहफुलं वेचायला माणसं बाहेर असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता. काही गावांतली कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात गेलेली असतात. मेळघाटात कामाला बाहेर गेलेली कोरकू कुटुंबं होळीला घरी येतात. तेव्हा माणसं गावात सापडतील, पण तो त्यांचा सगळ्यात मोठा सण आहे. फॉर्म घेऊन त्या दिवसांत घुसू नका, सण उलटल्यावर आणि परत निघण्याआधी दोन दिवस मागून घ्या.

पाण्याचा अभ्यास असेल तर एकदाच नमुना घेऊन भागत नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर भूजलाची गुणवत्ता बदलते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन फेऱ्या धरा.

३. परवानगी: सरपंचाची सही म्हणजे गावाची संमती नाही

पहिल्या भेटीला फॉर्म नेऊ नका. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या अध्यक्ष आणि पाणी सोडणारा माणूस यांना भेटून या. शेवटच्या माणसाला सगळे विसरतात. कोणता बोअर कधी आटतो, कोणत्या वस्तीला कोणतं पाणी जातं, हे सगळ्यात नीट त्यालाच माहीत असतं.

गटग्रामपंचायत (दोन-तीन गावांची मिळून एक) असेल तर फसगत ठरलेली. सरपंच मुख्य गावात राहतात, तुमचा अभ्यास दोन-तीन किलोमीटरवरच्या टोल्यावर (मुख्य गावापासून वेगळ्या वस्तीवर) किंवा कोलाम आदिवासींच्या पोडावर असतो. मुख्य गावात मिळालेलं पत्र टोल्यावरच्या माणसाने पाहिलेलंही नसतं. तिथे वेगळी बैठक घ्या. अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्यानुसार (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) अशा वस्तीची स्वतःची ग्रामसभा असू शकते, ती आहे का हे आधी विचारा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभेत निर्णय घेण्याआधी अभ्यासगटात विषय समजून घेण्याची पद्धत रुजवली. जिथे असा गट आहे तिथे ग्रामसभेच्या आधी त्या गटासमोर बसा आणि त्यांचे प्रश्न संपेपर्यंत बसा. वनस्पती, औषधी किंवा बियाण्यांबद्दलचं ज्ञान नोंदवायचं असेल तर गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला विचारल्याशिवाय सुरुवात नको.

नेहमीच्या ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. त्याआधी महिला सभा घ्यायची असते. पाणी, आहार, आजार हे विषय महिला सभेत आधी मांडा. पाणी भरणाऱ्या बाईला जे प्रश्न सुचतात ते मुख्य सभेत कुणी विचारत नाही.

परवानगीसाठी एक पानी पत्र, मराठीत, मोठ्या अक्षरात. त्यात आम्ही कोण, काय तपासणार, कुणाला काय विचारणार, माहिती कुठे ठेवणार, निकाल कोणत्या महिन्यात कुणाच्या हातात देणार, मध्येच नाही म्हणता येतं, आणि विभागाचा कायमचा फोन नंबर. विद्यार्थ्याचा मोबाइल नंबर चालणार नाही, तो दोन वर्षांनी पुण्याला नोकरीला गेलेला असतो.

वाचता न येणाऱ्यांना पत्र वाचून दाखवा, आणि अंगठा घेताना संशोधन चमूबाहेरचा साक्षीदार हजर ठेवा.

सावधान: नाव लिहून घेतलं की योजना मिळते असा समज घरोघरी असतो, आणि तो तुमच्या गप्प राहण्याने पक्का होतो. "यातून घरकुल, अनुदान, पेन्शन काही मिळणार नाही" हे प्रत्येक घरी, प्रश्न विचारण्याआधी, स्पष्ट सांगा. आधार कार्डाची झेरॉक्स मागू नका, मागितली की हा समज तुम्हीच खरा केलात.

४. गावातली माणसं सोबत

गावातले दोन-तीन तरुण-तरुणी मानधनावर घ्या आणि सगळ्या वस्त्यांतून घ्या. आशाताईंवर आधीच भरपूर कामं आहेत, त्यांना फुकट राबवू नका. शिवाय आशाताई दारात उभ्या असल्या की लोकांना नाही म्हणणं जड जातं, मग ती संमती खरी राहत नाही.

प्रश्नावली आधी पाच-सहा घरी वापरून पाहा. हेक्टर लिहू नका, एकर विचारा. धानाची खंडी तिथे किती किलोची धरतात ते विचारून घ्या. कोलामी, गोंडी, माडिया, कोरकू बोलणाऱ्या घरी दुभाष्या हवा, आणि बायकांशी बोलायचं असेल तर ती बाईच हवी.

५. नमुना असा घ्या की निकाल त्याच घरी परत जाईल

निकाल परत न जाण्याचं एक साधं कारण असं की कोणता नमुना कुणाचा हे नंतर जुळतच नाही. बाटलीवर "विहीर ३" लिहिलेलं असतं. गावात "विहीर ३" कुणालाच माहीत नसते.

प्रत्येक स्रोताला क्रमांक द्या आणि त्यापुढे गाव त्याला जे म्हणतं ते लिहा: मारोतीच्या देवळामागची हापशी, शाळेजवळचा बोअर. सोबत तारीख, मोबाइलवरचं ठिकाण, खोली आणि त्यावर अवलंबून असलेली घरं. मग तोच क्रमांक असलेली पावती विहीरमालकाला किंवा त्या वस्तीतल्या जबाबदार बाईला द्या. पावतीवर निकालाचा महिना आणि विभागाचा नंबर. ही पावती हातात असली की तुम्ही विसरलात तरी गाव विसरत नाही, आणि तेच हवं आहे.

फ्लोराइडसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली वापरा, काचेची नको. हातपंप आधी काही मिनिटं उपसा, नळीतलं साचलेलं पाणी जाऊ द्या. जंतूंची तपासणी असेल तर निर्जंतुक बाटली आणि बर्फाचा डबा लागतो, नमुना २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. झरी-जामणीहून नागपूर-अमरावतीचं अंतर आणि बसच्या वेळा आधी बघा, नाहीतर जवळची प्रयोगशाळा शोधा.

नावांची यादी वेगळी आणि निकालाची यादी वेगळी. दोन्ही जोडणारी वही एकाच माणसाकडे, कुलपात. विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर यादी टाकलीत तर ती गुप्त राहिली नाही.

तपासा: गाव सोडण्याआधी स्थानिक सहकाऱ्याच्या हातात यादी देऊन त्याला एकट्याने सगळे स्रोत शोधायला सांगा. एखादा सापडला नाही तर नोंद तिथेच दुरुस्त करा.

६. सांगण्याचा क्रम

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. चांगला निकाल चुकीच्या क्रमाने सांगितला तरी गाव दुखावतं, वाईट निकालाचं तर विचारूच नका. क्रम असा ठेवा.

सगळ्यात आधी तातडीचं. कुणाच्या जिवाला किंवा तब्येतीला धोका दिसला तर शोधनिबंधाची, मार्गदर्शकांच्या सवडीची, पुढच्या ग्रामसभेची वाट पाहू नका. फेरतपासणी करून लगेच कळवा. निकाल आधी सांगितला म्हणून शोधनिबंध बाद होईल ही भीती विद्यार्थ्यांच्या मनात असते. एखाद्या घराला त्याच्याच विहिरीचा आकडा सांगणं म्हणजे प्रकाशन नव्हे, हे मार्गदर्शकांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगावं.

मग ज्याचा निकाल त्याला. विहीरमालकाला त्याच्या घरी, पावती जुळवून. आपल्या विहिरीचं पाणी वाईट आहे हे माणसाने चार लोकांत पहिल्यांदा ऐकता कामा नये. ऐकलं तर तो तिथेच तुमची तपासणी खोटी ठरवतो, आणि त्याचं भाऊबंद त्याच्या बाजूने उभं राहतं. सभा संपली समजा.

त्यानंतर ज्यांना हालचाल करायची आहे ते: सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पाणी सोडणारा कर्मचारी, आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र. त्यांना सभेच्या दोन-चार दिवस आधी निकाल द्या, म्हणजे सभेत "मग आम्ही कुठलं पाणी प्यायचं?" या प्रश्नाला त्यांच्याकडे काहीतरी उत्तर असेल. हा प्रश्न येणारच. उत्तर नसताना सभा घेणं म्हणजे लोकांना घाबरवून निघून येणं.

मग वस्तीवार छोट्या बैठका. देवळाच्या ओट्यावर बैठक लावली की काही घरं येत नाहीत आणि का येत नाहीत हे कुणी तोंडाने सांगत नाही. प्रत्येक वस्तीत तिथल्या जागी बसा. एका वस्तीचा स्रोत चांगला आणि शेजारच्या वस्तीचा वाईट निघाला तर दुसऱ्यांना तिथे पाणी भरू देतील का, हा प्रश्न अवघड आहे. तो सभेत अचानक फोडू नका. सरपंच आणि दोन्ही वस्त्यांतल्या बायकांशी आधी बोला.

नंतर ग्रामसभा, आणि सगळ्यात शेवटी वर्तमानपत्र. "अमुक गावात विषारी पाणी" असा मथळा छापून आला की गावाला तो बातमीदाराकडून कळतो, सोयरिकीच्या बोलण्यात निघतो, आणि पुढची कित्येक वर्षं तुमच्या विद्यापीठाच्या माणसाला कुणी दारात उभं करत नाही. पत्रकारांना द्यायचंच असेल तर गावाचं नाव द्यायचं की नाही हे ग्रामसभेला विचारा.

सावधान, सिकलसेलबाबत: पूर्व विदर्भात आणि मेळघाटात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी अनेक विभाग करतात. त्याचा निकाल कोणत्याही बैठकीत, यादीत, फलकावर, शाळेच्या वर्गात सांगायचा नाही. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, पण गावात "रिपोर्टमध्ये निघालं" एवढं पसरलं की मुलीचं लग्न अडतं. ज्याचा निकाल त्यालाच, बंद दाराआड, समुपदेशक सोबत असताना. मूल असेल तर आईवडिलांना, आणि वडिलांवर दोष येईल किंवा आईला घराबाहेर काढतील अशा भाषेत तर मुळीच नाही. जनुक दोन्हीकडून आलं तरच आजार होतो, हे दोघांना एकत्र बसवून समजावा. समुपदेशक उपलब्ध नसेल तर ही तपासणी हाती घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

मातीचे आणि पिकाचे निकाल इतके नाजूक नसतात. ते धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभं राहून सांगितलेले सगळ्यात चांगले.

७. बैठक: आकड्याचं काम काय ते सांगा

वेळ संध्याकाळची, जेवणं उरकल्यावर. सतरंजी, एक दिवा, मोठा कागद. हार-तुरे आणि पाहुण्यांची भाषणं ठेवू नका. त्यात तास जातो आणि निकालाच्या वेळी लोक उठू लागतात.

सुरुवात प्रश्नाने करा: "कोणत्या हापशीचं पाणी कसं लागतं? डाळ कुठल्या पाण्यात शिजत नाही?" जमिनीवर खडूने किंवा रांगोळीने गावाचा नकाशा गावकऱ्यांकडूनच काढून घ्या, स्रोतांवर खडे ठेवायला सांगा. मग तुमचे निकाल त्या नकाशावर मांडा. आपण काढलेल्या नकाशावर लोक बोलतात, पडद्यावरच्या आलेखाकडे नुसते बघतात.

आकडा एकटा सांगू नका, त्याला जोडून काय करायचं ते सांगा. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेता येतं. गावात ते असं सांगा: १ च्या आत असेल तर प्या. १ ते १.५ च्या मध्ये असेल तर जवळ चांगलं पाणी आहे का बघा, निदान लहान लेकरांना आणि गर्भार बाईला ते द्या. १.५ च्या वर असेल तर पिण्याला आणि स्वयंपाकाला नको, धुण्याभांड्याला आणि आंघोळीला चालेल. आणि हे तीनदा सांगा: उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे उलट वाढतं. पाणी खराब म्हटलं की घरोघरी पहिला उपाय उकळण्याचाच होतो, आणि आपण न सांगितल्यामुळे होतो.

हाच नियम पिकाला. गुलाबी बोंडअळीबद्दल तासभर जीवनचक्र शिकवण्यापेक्षा एवढं सांगा: कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग ३ रात्री दर सापळ्यामागे रोज ८ पतंग सापडले की फवारणीचा निर्णय घ्यायची वेळ आली, आणि फुलात डोमकळी (अळीमुळे पूर्ण न उमललेली कळी) दिसली की ती तोडून नष्ट करा.

हातपंप रंगवायचा विचार असेल तर थांबा. आरोग्य विभाग स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो. ते पाण्याच्या जंतुजन्य जोखमीचं असतं. तुमचा लाल रंग आणि ते लाल कार्ड यांची गल्लत होते. रंग लावायचा तर पाणीपुरवठा विभागाशी बोलून, आणि शेजारी शब्दांत लिहा: पिण्यास नको, धुण्यास चालेल.

कुणी म्हणालं, "माझ्या इहिरीचं पाणी गोड हाय, तुमचं मशीन चुकलं," तर वाद घालू नका. फ्लोराइडला चव नसते हे सांगा आणि त्याच्यासमोर दुसरा नमुना घ्या. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायला गावातल्या बायकांना प्रशिक्षण आणि तपासणी संच दिलेले असतात. त्यांच्याच हातून तपासून घेतलं तर तो निकाल गावाचा होतो.

तपासा: बैठक संपताना "समजलं का?" विचारू नका, सगळे होच म्हणतात. एखाद्या ताईंना विचारा, "उद्या सकाळी तुम्ही कुठलं पाणी भराल?" उत्तर चुकलं तर तेवढा भाग परत सांगा.

८. कागद गावात राहिला पाहिजे

एक पानी मराठी पत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेत, अंगणवाडीत लावा. एक प्रत ग्रामपंचायतीला देऊन आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक नसलेला कागद दप्तरात टिकत नाही आणि सरपंच बदलले की शोधूनही सापडत नाही. पत्रकावर कोणत्याही कुटुंबाचं नाव नको, फक्त सार्वजनिक स्रोत.

ग्रामसभेत ठराव झाला तर त्याची प्रत पाणीपुरवठा विभागाला जोडून द्या. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा करण्याचं काम साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून वेग घेतं. तुमचा निकाल सप्टेंबरमध्ये हातात असेल तर नव्या स्रोताचं किंवा शुद्धीकरणाचं काम आराखड्यात बसू शकतं. जानेवारीत नेलात तर अख्खं वर्ष गेलं. म्हणून उन्हाळ्यातल्या नमुन्यांचा निकाल पावसाळ्यानंतरच्या फेरीची वाट न पाहता, "हा पहिल्या फेरीचा निकाल आहे" असं ठळक लिहून, सप्टेंबरमध्येच द्या.

९. पुन्हा जा, आणि वही पुढच्या तुकडीला द्या

एक हंगाम उलटला की परत जा. लोक तोच हातपंप वापरतात का? शुद्धीकरणाचं यंत्र बसवलं असेल तर ते चालू आहे की वीजबिलापायी बंद पडलंय? वाईट निघालेला हातपंप वापरत असतील तर का वापरतात हे विचारा. चांगला स्रोत फार लांब आहे, रांग मोठी आहे, तिथे भरू देत नाहीत. ही कारणं तुमच्या पुढच्या अभ्यासाचा प्रश्न असतात, आणि तो गावाने दिलेला असतो.

विभागात गावनिहाय एक वही ठेवा. कोण गेलं, काय विचारलं, कोणाला निकाल दिला, काय कबूल केलं आणि त्यातलं काय राहिलं. नवी तुकडी गावात जाण्याआधी ही वही वाचून सही करील, आणि राहिलेलं पहिल्या फेरीतच पुरं करील. सर्वेक्षणाचा फॉर्म त्यानंतर काढायचा.